राहुलाचा पाठ आणि आपल्या घरातील लहान मुले



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारा उतरविला, गंडेदोरे सोडले, नवससायास बंद केले. भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. सकाळ-संध्याकाळ त्रिशरण-पंचशील म्हणू लागलो. हे सारे मोठ्या माणसांनी केले. परंतु ज्या घरात हा बदल झाला त्याच घरात दोन-चार वर्षांचे एक मूलही राहते. त्याच्या बाबतीत काय बदलले? ते रडू लागले, हट्टाला पेटले, खोटे बोलले, धाकट्या भावंडाला चावले, तर आपला हात पहिल्यांदा कोठे जातो? एवढ्याच प्रश्नाचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. माहेर साक्री तालुक्यातले, नोकरी जळगाव जिल्ह्यात. वडील सालदार होते, आई कपाशी वेचायला जात असे. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. शिकले म्हणून मुले वाढवण्याचे ज्ञान आपोआप आले असे मात्र झाले नाही. म्हणून प्रथम माझीच चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गावी तेव्हा नळाला आठव्या दिवशी पाणी येत होते. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाने ओट्यावर चढून माठ कलंडला. माठ वाचला, पण पाणी सगळे गेले. मी मतदारयादीच्या कामावरून भर उन्हात घरी आले होते. "हे पाणी कोणी सांडले?" म्हणून मी ओरडले. तो म्हणाला, "मांजराने." आमच्याकडे मांजर नाही. मी त्याला दोन चापट्या दिल्या. एक पाण्याबद्दल, एक खोटे बोलल्याबद्दल. मला वाटले, धडा मिळाला. पण त्यानंतर ते मांजर आमच्या घरी राहायलाच आले. साखर सांडली, मांजराने सांडली. पुस्तक फाटले, मांजराने फाडले. मी मारीत गेले आणि मांजर थोराड होत गेले.

आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाचे वाचन सुरू झाले. एका रविवारी मज्झिम निकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्त वाचले गेले. ते ऐकताना मला प्रथम कळले की मी त्या मुलाला खोटे बोलायचे थांबवीत नव्हते, शिकवीत होते. ते सुत्त तुम्हांला थोडक्यात सांगते. ज्यांनी ऐकले असेल त्यांनी आई-बाप म्हणून पुन्हा ऐकावे.

भगवान राजगृहाच्या वेळुवनात राहत होते. राहुल अंबलट्ठिका येथे होता. त्याचे वय तेव्हा सात वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. म्हणजे आपल्या दुसरीच्या वर्गातला मुलगा. सायंकाळी भगवान त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी राहू दिले. राहुलाला ते दाखवून ते म्हणाले की, जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण एवढेच थोडे असते. मग ते पाणी फेकून दिले आणि सांगितले की, त्याचे श्रमणपण असे फेकले जाते. मग भांडे उपडे केले. मग सुलटे करून ते रिकामे भांडे दाखविले. पुढे त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा भगवंतांनी सांगितले की, तसेच प्रत्येक कर्म पाहून पाहून करावे. करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे, केल्यावरही पाहावे, की याने मला, दुसऱ्याला, दोघांना दुःख होते काय.

सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत अशी जी थोडी प्रवचने नावानिशी सांगितली आहेत, त्यांत राहुलाला खोटेपणाविषयी केलेला हा उपदेश आहे. म्हणजे हा पाठ सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही गृहस्थांना ऐकवण्याजोगा वाटत होता.

आता या सुत्ताकडे शिक्षिकेच्या नजरेने पाहू. राहुल खोटे बोलला होता की नाही हे सुत्त सांगतच नाही. भगवान त्याची उलटतपासणी घेत नाहीत. रागाच्या भरात बोलत नाहीत. पाय धुऊन, आसनावर बसून, दोघेही शांत असताना बोलतात. मुलाला दिसेल, हाताला लागेल अशी वस्तू घेतात, कारण सात वर्षांच्या मुलाला 'सत्य' हा शब्द समजत नाही, पण उपडे भांडे समजते. आणि सर्वांत मोठी गोष्ट शेवटी येते. एखादे वाईट कर्म हातून किंवा वाणीने घडलेच, तर ते गुरूपाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड करावे आणि पुढे सांभाळावे, असे ते सांगतात. अंगुत्तर निकायात आई-वडिलांना मुलांचे पूर्वाचार्य, म्हणजे पहिले गुरू म्हटले आहे. तेव्हा मुलाने आपली चूक उघड करावी ती आपल्यापाशी. पण उघड केल्याबरोबर जर चापट बसणार असेल तर कोणते मूल उघड करील? ते मांजर शोधील. भ्यालेले मूल खोटे बोलते. ते स्वभावाने खोटे असते म्हणून नव्हे, तर मार चुकवण्याचा तेवढाच मार्ग त्याला ठाऊक असतो म्हणून.

यातून मी एक साधा नियम केला. ज्याचे उत्तर मला ठाऊक आहे तो प्रश्न मुलाला विचारायचा नाही. "पाणी कोणी सांडले?" असे विचारणे म्हणजे खोटे बोलायला दार उघडून देणे. त्याऐवजी, "पाणी सांडलेले मला दिसते आहे. फडके आण, दोघे मिळून पुसू," असे म्हणावे. पुसताना सांगावे की आज आपल्याला शेजारून कळशी मागावी लागेल, आणि त्यालाही सोबत न्यावे. पाणी सांडल्याचे दुःख कोणाला होते, हे त्याला कळशी आणताना दिसते. चापट खाताना त्याला फक्त आपला गाल दिसतो.

यावर पुष्कळ जण मला म्हणतात, "बाई, आम्ही मार खाऊनच वाढलो, बिघडलो का?" बिघडलो नाही हे खरे. पण आपल्याला मारणाऱ्या आई-बापांना पाटलाच्या वाड्यावर, मालकाच्या बांधावर काय काय गिळावे लागत होते, ते आठवा. दिवसभराचा अपमान संध्याकाळी घरी येई आणि सर्वांत लहानाच्या पाठीवर उतरे. तो मार शिस्तीचा होता की शिणाचा, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे. मी माझ्या वडिलांना दोष देत नाही. पण ती रीत मी पुढे का चालवावी?

रडण्याचे कारण शोधावे

हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही, असा कार्यकारणभाव तथागतांनी शिकविला. आपण तो मोठमोठ्या गोष्टींना लावतो, आणि रडणाऱ्या मुलाला मात्र "द्वाड आहे", "बापावर गेला आहे" असे म्हणून मोकळे होतो. मूल विनाकारण रडत नाही. कारण आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण ते असते.

पहिली कारणे शरीराची. भूक, झोप, उष्मा, पोटातले जंत, कानाचे दुखणे. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी मोठ्या माणसाचे डोके फिरते, तेथे दोन वर्षांच्या मुलाचे काय होत असेल? आधी पाणी, सावली, झोप पाहावी, स्वभाव नंतर.

दुसरे कारण विरहाचे. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत आई सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. आजी सांगते, "दिवसभर कसा शहाण्यासारखा होता, तू आलीस आणि बिघडला." आईला वाटते, मूल आपल्यालाच छळते. उलट आहे. दिवसभर त्याने जे मनात धरून ठेवले ते मोकळे करण्याची जागा त्याला आता मिळाली. अशा वेळी पदराशी लोंबणाऱ्या मुलाला दूर ढकलून चूल पेटवू नये. आधी दहा मिनिटे त्याला मांडीवर घेऊन बसावे. मी हे पालकसभेत सांगते तेव्हा बाया हसतात, दहा मिनिटे कोठून आणू म्हणतात. पण न बसले तर तेच मूल पुढे तासभर किरकिर करते, भाकरी करपते आणि शेवटी मारही खाते. एकदा हिशोब करून पाहा. आणि घरात बाप असेल तर चूल त्याने पेटवायला काय हरकत आहे? समता घराबाहेरच मागायची काय?

अंगणवाडीच्या दारात रडणाऱ्या मुलाचेही हेच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील गरीब व आदिवासी वस्त्यांतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. परक्या जागेत मूल घाबरते, ओळखीच्या अंगणात खुलते, हे त्यांनी ओळखले. आपणही पहिले चार-सहा दिवस मुलाबरोबर अर्धा तास अंगणवाडीत बसावे, आणि जाताना सांगून जावे. नजर चुकवून पळू नये. पळून गेलेल्या आईवर मूल दुसऱ्या दिवशी अधिकच चिकटून बसते, कारण तिचा भरवसा नसतो.

तिसरे कारण वयाचे. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर वर्षी ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते. बाबासाहेब १९३७ साली तेथे थांबले होते, त्याची ती आठवण. त्या गर्दीत मी एकदा पाहिले: तीन वर्षांची पोर फुग्यासाठी चिखलात लोळण घेते आहे, आणि बाप चार लोकांत लाज वाटली म्हणून तिला हिसके देतो आहे. फुगा न घेणे हा बापाचा हक्क होता, पैसे नसतील. पण ती लोळण म्हणजे बापाचा अपमान नव्हता. त्या वयात इच्छा मोठी असते आणि ती आवरणारी शक्ती अजून आलेली नसते. मेंदूचा कपाळामागचा जो भाग आवेग आवरतो, तो पुरता तयार व्हायला विशीही उलटते, असे आज शास्त्र सांगते. तीन वर्षांच्या मुलीकडून आपण जे मागतो ते तिच्याकडे नसतेच. तिला उचलून गर्दीच्या बाहेर न्यावे, झाडाखाली बसावे, ती शांत होईतो जवळ राहावे. त्या वेळी उपदेश नको, कानावर जात नाही. फुगा तरीही घेऊ नये. हातात मोबाईल देऊन गप्प करणेही तितकेच वाईट, कारण त्याने राग जिरत नाही, फक्त झाकला जातो.

मूल शांत झाले की त्याच्या भावनेला नाव द्यावे. सतिपट्ठानात भिक्षू रागावलेल्या चित्ताला 'हे रागावलेले चित्त' असे जाणतो. आपले मूल हे स्वतः जाणू शकत नाही. आपण त्याच्यासाठी जाणायचे. आणि हे घरच्या बोलीत करावे. "तुले राग उना का?" "भेव वाटस का?" असे अहिराणीत विचारले तर जे मूल बोलते, तेच शुद्ध भाषेत विचारल्यावर खाली पाहते. माझ्या वर्गात हे मी रोज पाहते. राग, भेव, लाज, हेवा, वाईट वाटणे, एवढे चार-पाच शब्द ज्या मुलाला वापरता येतात त्याचे चावणे-ओरबाडणे कमी होते. ज्याला सांगता येत नाही ते चावते.

धाकटे भावंड आल्यावर थोरले पुन्हा अंथरूण ओले करू लागते, तेही याच हेव्यापोटी बहुधा. त्याला लोकांदेखत लाजवू नये. पाच-सहा वर्षांनंतरही चालूच राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

एक हात डोक्याला

आता कोणी म्हणेल, बाई सगळे मऊच सांगतात. मग मूल शेफारणार नाही का? याचेही उत्तर मज्झिम निकायातच आहे. अभय राजकुमार भगवंतांना भेटला तेव्हा त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. कटू बोलावे की नाही, असा विषय होता. भगवंतांनी विचारले, तुझ्या किंवा दाईच्या गाफिलपणामुळे या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, काढून टाकीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने डोके धरीन आणि उजव्या हाताचे बोट वाकवून, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया येते.

या दृष्टान्तातल्या दोन गोष्टी आपण नीट पाहाव्यात. एक, खडा तोंडात गेला तो मोठ्यांच्या गाफिलपणामुळे, असे सुत्तातच म्हटले आहे. मुलाच्या पुष्कळ खोड्या आपण जपून न ठेवलेल्या वस्तूंच्या असतात. माठ ओट्याच्या कडेला मीच ठेवला होता. दुसरी, उजवा हात खडा काढीत असताना डावा हात डोके सांभाळीत असतो. मुलाला ठाम नाही म्हणावे लागते. विहिरीच्या काठावर, रस्त्यावर, चुलीपाशी, धाकट्याच्या अंगावर दगड उगारला असताना त्याचा हात धरावाच लागतो. ते रडेल, रडू द्यावे. पण दुसरा हात डोक्याखाली असावा. म्हणजे आवाज चढवू नये, नावे ठेवू नयेत, आणि एकदा नाही म्हटले की रडण्याला कंटाळून दहा मिनिटांनी हो म्हणू नये. आज नाही, उद्या हो, परवा चापट, असे झाले म्हणजे मुलाला नियम कळत नाही, आपली लहर तेवढी कळते.

आपण शब्द पाळतो का, हेही मूल पाहत असते. "दवाखान्यात सुई टोचणार नाहीत", "बाजारातून गाडी आणीन", असे आपण किती सहज बोलतो! खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे, आणि ती फक्त मोठ्यांशी बोलताना पाळायची असे त्यात कोठेही नाही. सुई टोचणार असेल तर "दुखेल, पण मी हात धरून बसते," असे सांगावे.

दृष्ट काढण्याविषयी एक शब्द. आमच्या सासूबाई अजूनही नातवाची मीठ-मिरचीने दृष्ट काढायच्या. मी प्रथम भांडले. नंतर पाहिले की मूल खरोखर शांत होते. का होते? आजी त्याला समोर बसवते, सगळी कामे सोडून पाच मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहते, अंगावरून हात फिरवते. गुण मिरचीचा नाही, त्या हाताचा आहे. मी त्यांना म्हटले, "आत्याबाई, मिरची ठेवा डब्यात, बाकी सगळे तसेच करा." आता त्या तसेच करतात. मुलादेखत आजीला अडाणी म्हणू नये. धम्म कळलेल्या घरात एवढे तरी दिसले पाहिजे. ताप, झटके, हगवण असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

भीती दाखवण्याची सवय यापेक्षा कठीण आहे. देवीचा कोप आपण सोडला, पण बागुलबुवा, पोलीस, झोळीवाला आणि "थांब, बाईंना सांगते" हे तसेच राहिले. पहिलीत येणारी काही मुले माझ्याकडे पाहूनच थरथरतात. त्यांनी मला कधी पाहिलेले नसते, पण आईने माझे नाव वापरलेले असते. अशा मुलाला अक्षर शिकवण्याआधी मला महिनाभर भीती काढावी लागते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. माझ्या वर्गात कोणी मारले तर तुम्ही विचारायला यावे, तो तुमचा हक्क आहे. पण "बाई, आमच्या पोऱ्याला मारा, हाडे आमची, मांस तुमचे," असे मला सांगू नका.

बाहेरचा अपमान

आता जे आपल्याच मुलांना जास्त भोगावे लागते त्याविषयी.

बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेले 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे लहान पुस्तक आहे. त्यात आपल्या चाळीसगावची १९२९ सालची टांग्याची हकीकत आहे. ती आपल्याकडे अनेकांना माहीत असते. मला मात्र त्यातील पहिलीच हकीकत वारंवार आठवते. साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीवर होते. उन्हाळ्याच्या सुटीत चार मुले नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीने वडिलांकडे निघाली. मोठे माणूस बरोबर कोणी नाही. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. स्टेशनमास्तर आधी आस्थेने विचारपूस करीत होता. मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, तोही मुलांनीच बैल हाकावे आणि आपण पायी चालू, या अटीवर. बरोबर जेवण होते, पण पाणी मिळाले नाही, म्हणून रात्र उपाशी गेली. शाळेत वेगळे बसावे लागते हे त्यांना आधीही माहीत होते. पण त्याचा विचार करायला त्या प्रवासाने लावले, असे ते लिहितात. लिहिले ते तीस-पस्तीस वर्षांनी, आणि नव्या टोप्यासुद्धा विसरले नव्हते.

नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात अपमान असा राहतो. आता आजची गोष्ट. आमच्या शेजारची सहा वर्षांची मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली. तेथे तिला पाणी दिले ते वेगळ्या पेल्यातून, आणि पेला तिलाच विसळायला लावला. घरी येऊन ती काही बोलली नाही. धाकट्या भावाला तिने ढकलून दिले, त्याचे ओठ फुटले. आईने तिला बदडले. रात्री अंथरुणावर तिने विचारले, "आई, आपला पेला वेगळा का असतो?" दुसऱ्या दिवशी ती आई माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "बाई, तिकडे अपमान झाला आणि मार मी दिला."

अशा वेळी काय करावे, हे मी तिच्याबरोबरच बसून ठरविले. भावाला ढकलले तेव्हा हात धरावा, "ढकलायचे नाही," एवढेच म्हणावे. मग जवळ घेऊन विचारावे, आज काय झाले? एरवी न मारणारे मूल अचानक मारू लागले तर बाहेर काहीतरी घडले आहे असे धरून चालावे. ते सांगेल ते खरे मानावे. "जाऊ दे, लक्ष देऊ नकोस," असे म्हणू नये. त्याला लक्ष न देता येत नाही, म्हणून तर ते सांगते आहे. "चूक तुझी नव्हती, त्यांची होती," हे वाक्य स्पष्ट उच्चारावे, कारण लहान मूल सगळी चूक आपलीच मानते. सहा वर्षांच्या मुलीवर हजारो वर्षांचा इतिहास एका रात्रीत ओतू नये, आणि सूड घे असेही शिकवू नये. पण मोठ्यांनी त्या घरी जाऊन सभ्य शब्दांत विचारावे, आणि शक्य असेल तर मुलीला दिसेल असे विचारावे. तिची आई गेली. त्या घरच्या सुनेने हात जोडले, सासू आत निघून गेली. मुलगी दाराशी उभी राहून सगळे पाहत होती. त्यानंतर तिने भावाला ढकलले नाही असे मी म्हणणार नाही. ढकलले, पण रात्री जे झाले ते सांगू लागली.

हे बाहेरचे झाले. घरातली एक भीतीही नावाने सांगितली पाहिजे. बाप पिऊन येतो त्या घरातले मूल मी वर्गात पाहताच ओळखते. दार आपटले की ते दचकते, दुपारी बाकावर झोपते, कारण रात्री जागे असते. त्या मुलासाठी या लेखातले बाकी काही उपयोगाचे नाही. तेथे प्रतिज्ञा बापाने पाळायची आहे.

आमच्या घरचे मांजर किती दिवस राहिले, हे सांगायचे राहिले. प्रश्न विचारणे मी बंद केले तरी पहिले दोन-तीन आठवडे मुलगा आपण होऊनच सांगे, "मांजर आले होते." मी म्हणे, "बरे, मांजर गेले. आता आपण दोघे आवरू." मारणे पूर्ण सुटायला मला त्याहून जास्त दिवस लागले, शाळेत इन्स्पेक्शन असले की हात उठत असे, आणि मग रात्री मीच त्याला, "आज आईचे चुकले," असे सांगत असे. गेल्या पावसाळ्यात त्याने माझा चष्मा पायाखाली मोडला. मी अंगणात कपडे काढीत होते. तो दोन तुकडे हातात घेऊन आला, लांब उभा राहिला, आणि म्हणाला, "आई, माझ्याकडून झाले." मी कपडे खाली ठेवले. मग आम्ही दोघे धाग्याने दांडी बांधायला बसलो. ती काही नीट बांधली गेली नाही, आणि शनिवारी जळगावला जाऊन नवा चष्मा करावा लागला.